आम्ल, लाळ आणि वेळ : तोंडापासून रक्तापर्यंत आम्ल कसे शमते आणि आपण त्यात काय करावे

हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातील असोदा-बामणोदकडच्या मळ्यांतून भरिताच्या पंगती बसू लागल्या, की दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर खाण्याच्या सोड्याची डबी शोधली जाते. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली हिरवी मिरची, वर तेलाची धार, सोबत कळण्याची भाकर. आणि मग अमळनेर-धुळ्याकडचा माणूस म्हणतो तसे ‘छातीमा आग पडेल शे’. आग पडली म्हणजे आम्ल वाढले आणि आम्ल वाढले म्हणजे सोडा घ्यायचा, असा सरळ हिशेब आपल्याकडे चालत आला आहे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आली की क्षार आणि पाणी तयार होते, हे मी अनेक वर्षे शाळेच्या फळ्यावर लिहीत आलो. तरीही एका लग्नसराईत शेवभाजी अंगावर आली तेव्हा मी स्वतः दोन चमचे सोडा अर्ध्या पेला पाण्यात ढवळून एका दमात प्यायलो. पुढचा तासभर पोट नगाऱ्यासारखे ताणले होते, ढेकरांनी जीव नकोसा झाला होता आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना हा उद्योग केल्याबद्दल डॉक्टरांची बोलणीही खावी लागली. फळ्यावरचे समीकरण बरोबरच होते; ते कोठे, किती प्रमाणात आणि किती वेळात घडू द्यायचे, याचा विचार मात्र मी केला नव्हता.

हा लेख त्याच विचाराविषयी आहे. आम्ल शमवण्याची व्यवस्था तोंडात एक, जठरात दुसरी आणि रक्तात तिसरी अशी वेगवेगळी असते. बहुतेक वेळा या व्यवस्थांना आपल्याकडून थोडे पाणी आणि बराचसा वेळ एवढेच हवे असते. बाहेरून आम्लारी देण्याचे प्रसंग फार थोडे असतात, आणि जेथे ती मुळीच देऊ नये असेही काही प्रसंग असतात.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

मिरची आम्ल नाही. तिचा जाळ कॅप्सायसिन या द्रव्यामुळे होतो. उष्णतेची जाणीव मेंदूकडे पोहोचवणारे जे मज्जातंतूंचे ग्राहक असतात, त्यांनाच हे द्रव्य चिकटते आणि म्हणून काहीही न भाजता भाजल्याचा भास होतो. ठेच्याने तोंड पोळले असता सोड्याच्या गुळण्या केल्याने काही साधत नाही. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्याचाही उपयोग थोडाच होतो. दूध किंवा दही घेतल्यावर आराम पडतो, कारण त्यातील केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून बाजूला नेते. तिखट जेवणानंतर काही जणांच्या छातीत जळजळ होते हे खरेच आहे. परंतु तेथे तेल, पोटभर जेवण आणि लगेच आडवे होणे यांचाही हात असतो, सगळा दोष मिरचीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

दुसरा घोळ ‘पित्त’ या शब्दाचा. ‘मला पित्त झाले’ असे म्हणताना आपल्या मनात जठरातील आम्ल असते. शरीरशास्त्रातील पित्तरस मात्र यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि तो सौम्य आम्लारिधर्मी असतो. उपाशीपोटी उलटी होऊन शेवटी जे पिवळे कडू पाणी पडते ते पित्तरसाचे असते. घशाला झोंबणारे आंबट पाणी जठराचे असते. दोन्ही एकाच नावाने ओळखली जातात, म्हणून दवाखान्यात सांगताना चव आंबट होती की कडू, हे सांगितलेले बरे.

तिसरा शब्द सामू, म्हणजे पीएच : हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावरून आम्लपणा मोजण्याची पट्टी. डेन्मार्कच्या कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन सोरेनसन यांनी १९०९ साली ही मोजपट्टी मांडली. ७ हा उदासीन बिंदू, त्याखाली आम्ल आणि त्यावर आम्लारी. या पट्टीवरची प्रत्येक पायरी दहापटीची असते, ही गोष्ट नेहमी विसरली जाते. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास आणि लाळेचा ७ च्या आसपास असतो. म्हणजे दोघांतील अंतर पाच पायऱ्यांचे दिसले तरी हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात ते एक लाख पटींचे आहे.

स्वयंपाकघरात उदासिनीकरण डोळ्यांनी पाहा

उदासिनीकरण म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांनी एकमेकांना शमवणे. पुढचे सारे नीट समजण्यासाठी एक छोटा प्रयोग करून पाहावा. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांना लावावी आणि पट्ट्या सावलीत वाळवाव्यात. सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. तोच गुण येथे उपयोगी पडतो. एका वाटीत चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवावा, दुसऱ्या वाटीत पानाला लावायचा ताजा चुना हरभऱ्याएवढा घेऊन पाण्यात ढवळावा आणि दोन्हींचा एकेक थेंब पट्टीवर टाकावा. सोड्याने पट्टी तांबूस होते, चुन्याने कुंकवासारखी गडद लाल. चुना हाताळताना बोटे डोळ्यांकडे नेऊ नयेत.

आता प्रत्येक वाटीत लिंबाचा रस थेंब थेंब टाकत मधूनमधून नव्या पट्टीवर तपासावे. सोड्याच्या वाटीत फेस उसळतो, कारण कार्बोनेट वर्गातील आम्लारी आम्लाशी मिळाली की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. ताज्या चुन्याच्या वाटीत फेस जवळजवळ येत नाही. तो हायड्रॉक्साइड असल्याने तेथे क्षार आणि पाणीच तयार होते. औषधाच्या दुकानातील पातळ अँटासिड घेतल्यावर पोट फुगत नाही आणि सोडा घेतल्यावर फुगते, याचे कारण या दोन वाट्यांत दिसते. पट्टीचा लाल रंग जाऊन ती पुन्हा पिवळी राहू लागली, की आम्लारी संपत आली असे समजावे. हळद आम्लात आणि उदासीन पाण्यात सारखीच पिवळी दिसते, त्यामुळे तिच्यावरून आम्लाचे प्रमाण कळत नाही. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क घ्यावा, जो आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवट होतो.

तोंड : जेथे सारा खेळ अर्ध्या तासाचा असतो

तोंडात आम्ल दोन वाटांनी येते. कैरी, चिंच, लिंबू-सोडा, शीतपेय यांतून ते थेट येते. बाटलीतल्या कोला पेयाचा सामू २.५ च्या आसपास असतो. दुसरी वाट अधिक लपलेली आहे. दातांवर साचलेल्या चिकट थरातील जिवाणू साखर आणि पिठूळ अन्न खाऊन आम्ल तयार करतात. यांतील कुप्रसिद्ध स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू १९२४ साली ओळखला गेला. म्हणजे गोड चहात आंबटपणा नसला तरी दहा मिनिटांनी दातांवर आम्ल असतेच.

अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातांवरील थराचा सामू प्रत्यक्ष मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच तो ५.५ च्या खाली घसरतो आणि नंतर अर्ध्या ते एका तासात हळूहळू पूर्वपदावर येतो, असे त्यांच्या आलेखात दिसले. ५.५ हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण साधारणपणे त्याखाली दाताच्या वरच्या कवचातील म्हणजे इनॅमलमधील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. हिरड्या मागे सरून दाताचे मूळ उघडे पडले असेल तर तो भाग याहून सौम्य आम्लातही, ६ च्या वरच, विरघळू लागतो. म्हणून उतारवयात दात मुळाशी किडतात.

सामू वर आणण्याचे काम लाळ करते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. विश्रांतीच्या वेळी ती मिनिटाला जेमतेम ०.३ मिलिलिटर वाहते, चावताना मात्र कित्येक पटींनी वाढते. या वाढत्या लाळेत केवळ पाणीच अधिक नसते, तर बायकार्बोनेटचे प्रमाणही वाढते, आणि हेच बायकार्बोनेट म्हणजे आपल्या डबीतल्या सोड्याचा कार्यकारी भाग. शिवाय लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतात, त्यामुळे सामू वर आल्यावर विरघळलेले खनिज काही प्रमाणात दातावर परत बसते. झोपेत लाळ जवळजवळ आटते. रात्री दूध-साखर पिऊन तसेच झोपलेल्या मुलाचे पुढचे दात का जातात, याचे उत्तर येथे आहे.

आता कृती. आंबट किंवा गोड खाऊन झाले की पहिल्या मिनिटात साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून चूळ भरावी. ते पाणी गिळले तरी चालते. लगेच ब्रश करू नये, ही या लेखातील सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी सूचना आहे. आम्लाने मऊ झालेल्या इनॅमलवर ब्रश घासणे म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा मारण्यासारखे आहे. अर्धा तास तरी थांबावे, शीतपेय किंवा कैरी खाल्ली असेल तर तासभर. त्या वेळात लाळ वाढेल असे काहीतरी चावावे : मूठभर शेंगदाणे, थोडी बडीशेप (साखरेची रंगीत नव्हे), पनीरचा तुकडा किंवा साखर नसलेले च्युइंगगम. दादर ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा चावायला जो वेळ लागतो तो याच कारणाने फुकट जात नाही. लाळ सुटण्यासाठी चावणे हीच मुख्य गोष्ट आहे.

उलटी झाल्यावर किंवा रात्रीतून आंबट पाणी तोंडात आल्यावर साध्या पाण्यापेक्षा सोड्याची चूळ अधिक उपयोगी पडते. पेलाभर पाण्यात अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा विरघळवावा, घोट घोट तोंडात घोळवून थुंकावा आणि गिळू नये. गरोदरपणात वरचेवर उलट्या होणाऱ्या स्त्रियांसाठी ही चूळ दातांची चांगली राखण करते. पापडखार मात्र यासाठी वापरू नये. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी उडदाचे पापड करताना तो पिठात जातो तेवढाच ठीक. तो खाण्याच्या सोड्याहून तीव्र असू शकतो आणि तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेला झोंबतो.

दिवसातून किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हा प्रश्न दातांच्या दृष्टीने मोठा आहे. जेवणानंतर एकदम दोन पेढे खाल्ले तर दातांवर आम्लाचा एकच झटका बसतो; तेच पेढे तुकड्या-तुकड्याने दुपारभर चघळले तर दर वेळी अर्धा तास आम्ल आणि लाळेला उसंतच नाही. टपरीवर दिवसभरात सहा-सात गोड ‘कट’ चहा घेणाऱ्यांनी हे गणित स्वतः मांडावे. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रश करून फेस थुंकावा आणि त्यानंतर भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. फ्लोराइड सामावलेले इनॅमल ४.५ च्या आसपासच्या सामूपर्यंत टिकाव धरते.

चुन्याविषयी एक गोष्ट येथेच सांगतो, कारण ‘चुना आम्ल मारतो, मग तंबाखूत असलेला बरा’ असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी ऐकवले होते. चुन्याच्या निवळीचा सामू १२ च्या वर असतो. तो गालाच्या आतली त्वचा जाळतो, आणि आम्लारीच्या सान्निध्यात तंबाखूतील निकोटिन मोकळे होऊन झपाट्याने रक्तात शिरते. नशा लवकर चढते ती त्यामुळेच.

अन्ननलिका आणि जठर

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी १८२४ साली प्रसिद्ध केले, तेव्हा जिवंत प्राण्याच्या पोटात इतके तीव्र खनिज आम्ल कसे असू शकते, असा प्रश्न अनेकांना पडला होता. जठररसाचा सामू १.५ ते ३.५ असतो आणि दिवसाला दीड-दोन लिटर रस पाझरतो. हे आम्ल प्रथिने उलगडते, अन्नातले बरेचसे जंतू मारते आणि लोह शोषले जाण्यास मदत करते. त्यामुळे जठरातील आम्ल पुरते संपवणे हे आपले उद्दिष्टच नसावे. जठराच्या आतील भिंतीवर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि त्या थरात बायकार्बोनेट झिरपत राहते. पोकळीत सामू २ असताना भिंतीलगत तो ७ च्या जवळ राहू शकतो.

अन्ननलिकेला असे कवच नसते. जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडली की आम्ल वर चढते आणि छातीत जळजळ होते. तेव्हा दोन गोष्टी घडतात : अन्ननलिका आकुंचन पावून बहुतेक आम्ल खाली ढकलते, आणि उरलेला पातळ थर गिळलेल्या लाळेतील बायकार्बोनेटने शमतो. म्हणजे दातांची राखण करणारी लाळच छातीचीही राखण करते. जेवणानंतर अर्धा तास गम चावणाऱ्यांना जळजळ कमी होते ते यामुळे, आणि रात्रीची जळजळ अधिक त्रास देते तेही यामुळेच, कारण झोपेत लाळ फारशी नसते, गिळणेही क्वचितच होते आणि आडव्या शरीरात आम्लाला उतारही नसतो.

म्हणून पहिला उपाय खाटेचा. रात्रीचे जेवण झोपण्याच्या किमान दोन-तीन तास आधी उरकावे; शेतात पाण्याची पाळी असेल आणि उशीर होणारच असेल तर त्या वेळी अर्धेच जेवावे. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सुमारे १५ ते २० सेंटिमीटर उचलावी. नुसत्या दोन उशा घेतल्याने मान वाकते, पोट दाबले जाते आणि उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपावे, कारण त्या स्थितीत जठराचा साठा अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतो. करगोटा, पट्टा, लुगड्याची गाठ कमरेला आवळून ठेवू नये. तंबाखू झडप सैल करते. अंगदुखीच्या गोळ्या जठराचे संरक्षक अस्तर दुबळे करतात. कपाशी वेचून पाठ भरली म्हणून उपाशीपोटी गोळी घेणे आपल्या भागात इतके सर्रास आहे, की पोटाच्या तक्रारीत डॉक्टर आधी हेच विचारतात.

थंड दुधाने लगेच बरे वाटते, पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम पुढे आणखी आम्ल पाझरायला लावतात. कधीमधी घ्यावे, रोजचे औषध करू नये.

औषधाची वेळ आलीच तर ते कसे घ्यावे हे नीट समजून घ्यावे. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड यांचे पातळ मिश्रण सर्वांत प्रचलित आहे. मॅग्नेशियमने जुलाब होतात आणि अ‍ॅल्युमिनियमने बद्धकोष्ठता, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. हे औषध रिकाम्या पोटी घेतले तर अर्ध्या तासात जठरातून निघून जाते. जेवणानंतर तासाभराने घेतले तर दोन-तीन तास काम करते. गोळी असेल तर चावून खावी. लोहाच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविके अँटासिडपासून किमान दोन तास, तर थायरॉईडची गोळी चार तास दूर ठेवावी, नाहीतर ती शोषलीच जात नाही. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या तयार झालेले आम्ल शमवत नाहीत, तर आम्ल सोडणारा पंपच बंद करतात. त्यामुळे त्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. जळजळ सुरू झाल्यावर घेतल्या तर त्या वेळेपुरता त्यांचा उपयोग नसतो.

आणि सोडा? पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचमचाभर, सोडा पुरेशा आम्लाशी पूर्णपणे मिसळला तर दीड लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटू शकतो. माझा नगारा का वाजला ते आता वाचकांच्या ध्यानात येईल. त्याच पाच ग्रॅममध्ये सुमारे १.४ ग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा २ ग्रॅमच्या आत ठेवली आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि तुडुंब जेवलेल्या कोणीही सोडा पिऊ नये; इतरांनीही त्याची सवय लावून घेऊ नये.

जळजळ आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त होत असेल किंवा दोन आठवड्यांत थांबत नसेल तर तपासणी करावी. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे जठरात व्रण होतात, असे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. असा व्रण प्रतिजैविकांनी बरा होतो, वर्षानुवर्षे अँटासिड पिऊन नव्हे. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, वजन आपोआप घटणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवावेत. छातीतील कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, घाम फुटला असेल, दम लागला असेल, तर ती ‘गॅस’ समजून सोडा देत बसू नये. ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते, आणि तेव्हा प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

जठरातून अन्न पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला आले की आम्लाचा स्पर्श होताच तेथील पेशी सिक्रेटिन हे संप्रेरक रक्तात सोडतात, आणि स्वादुपिंड बायकार्बोनेटने भरलेला रस तेथे ओतते. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ साली लावलेला हा शोध संप्रेरकांच्या शास्त्राची सुरुवात ठरला. येथे आपल्याला काहीच करावे लागत नाही.

रक्त : जेथे आपला हात पोहोचत नाही

रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. तो राखण्यासाठी तीन यंत्रणा एकामागोमाग उभ्या असतात. रक्तातील बायकार्बोनेट आम्ल आल्याक्षणी त्याला धरते; फुफ्फुसे काही मिनिटांत श्वासाची गती बदलून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात; मूत्रपिंडे तासांच्या आणि दिवसांच्या हिशेबाने उरलेले आम्ल लघवीतून काढतात आणि खर्ची पडलेले बायकार्बोनेट पुन्हा तयार करतात. प्रौढ माणूस दिवसभरात श्वासावाटे अर्ध्या किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतो. हे पाहायचे असेल तर चुन्याचे पाणी रात्रभर निवू द्यावे, वरची स्वच्छ निवळी पेल्यात घ्यावी आणि नळीने तीत हळूहळू फुंकावे. निवळी दुधाळ होते. मुलांना हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करू द्यावा आणि निवळी ओढून घेतली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

इतकी मजबूत व्यवस्था असताना ‘अल्कलाइन’ पाणी पिऊन रक्त आम्लारिधर्मी करण्याच्या जाहिरातींना काय म्हणावे? ते पाणी जठरात पोहोचताच तेथील आम्लात विरून जाते. खाण्याने बदलतो तो मुख्यतः लघवीचा सामू, आणि तो ४.५ पासून ८ पर्यंत हलू शकतो, कारण रक्त स्थिर ठेवण्याचा सारा भार लघवीवर टाकलेला असतो.

लिंबाचे कोडेही येथेच सुटते. लिंबू तोंडात आम्ल असते, दात विरघळवते. पण त्यातील सायट्रेट शरीरात जाळले जाते तेव्हा त्यातून बायकार्बोनेट तयार होते. जळगावच्या केळ्याचेही असेच. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचा स्वतःचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे आम्लाच्या बाजूचा असतो. तरी त्यातील पोटॅशियमचे सेंद्रिय क्षार पचनानंतर आम्लारीच्या बाजूला झुकतात. (मूत्रपिंड निकामी असलेल्यांनी मात्र पोटॅशियममुळे केळी डॉक्टरांना विचारूनच खावीत.) तोंडातील सामू आणि पचनानंतरचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने लिंबूपाणी प्यावे, पण एका बैठकीत प्यावे, दिवसभर घोट घोट घेत बसू नये, आणि नंतर साध्या पाण्याची चूळ भरावी.

भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा घामावाटे पाणी निघून जाते आणि लघवी घट्ट होते. युरिक आम्लाचे मुतखडे सामू ५.५ च्या खाली असलेल्या अशा घट्ट लघवीत तयार होतात. त्यावर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात ते लघवीचा सामू वाढवण्यासाठीच. घरी करण्याजोगे काम म्हणजे लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी पिणे.

जुलाबात वेगळेच घडते. पातळ शौचातून बायकार्बोनेट वाहून जाते आणि रक्त आम्लाकडे झुकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये म्हणूनच मीठ आणि ग्लुकोजच्या जोडीला एका लिटरमागे २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. पूर्वी त्याऐवजी सोडाच असे, पण दमट हवेत ती पुडी टिकत नसे. पुडी संपूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकणे, चवीसाठी साखर वाढवणे किंवा ते पाणी दुधात मिसळणे टाळावे, आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.

मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला, तो खोल आणि भराभर श्वास घेऊ लागला, उलट्या होऊन गुंगी येऊ लागली, तर रक्तात किटोआम्ले (इन्सुलिन कमी पडल्याने चरबीतून तयार होणारी आम्ले) साचली आहेत आणि फुफ्फुसे जोराने श्वास घेऊन ते आम्ल भरून काढण्याची धडपड करीत आहेत, असे समजावे. येथे लिंबू, सोडा, काहीही देऊ नये. इन्सुलिन आणि सलाइन लागते आणि ते रुग्णालयातच मिळते.

बाहेरून आलेले आम्ल

शौचालय साफ करण्याचे आम्ल शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे आणि ते चुकून प्यायले जाण्याचे प्रकार त्यातूनच होतात. अशा वेळी सोडा, चुना किंवा साबणाचे पाणी मुळीच पाजू नये. उदासिनीकरणात उष्णता निर्माण होते, वायू सुटतो आणि जखमी झालेले जठर फाटण्याचा धोका असतो. उलटी करवू नये, कारण आम्ल परत येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. तोंड पाण्याने धुवावे, घोट घोट पाणी द्यायचे की नाही हे फोनवर डॉक्टरांना विचारावे आणि बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

ट्रॅक्टरच्या बॅटरीतील गंधकाम्ल अंगावर उडाले तर कपडा लगेच काढून टाकावा आणि तो भाग वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धरावा. शेतात नळ नसतो, पण मोटारीच्या पाइपाचे किंवा हौदाचे स्वच्छ पाणी असते. ते तांब्याने ओतत राहावे. डोळ्यात चुना गेला तर तो आम्लाहूनही वाईट, कारण आम्लारी डोळ्यात खोल शिरत जाते. पापणी बोटांनी उघडी धरून आत अडकलेला खडा ओल्या कापसाने काढावा, अर्धा तास न थांबता पाणी ओतावे, वाटेतही ओतत राहावे, आणि डोळ्यात दूध, तूप किंवा लिंबू घालू पाहणाऱ्या शेजाऱ्यांना पाण्याची घागर भरून आणायला पाठवावे.